तुंब्याचा ढीग

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी कंपाउंडच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातला तुंबा उपटला. पट्टा तो केवढा! बारा फूट लांब, जेमतेम चार फूट रुंद. भिंत आणि फरशी यांच्यामधे बिल्डरच्या हातून राहून गेलेली माती. पाऊस नुकताच उघडला होता, जमीन ओली होती, खुरपंसुद्धा लागलं नाही. बुडाला धरून ओढलं की झाड मुळासकट हातात येत होतं, आणि काळी माती चपलांच्या तळाला थापत थापत मी इंचाइंचानं उंच होत होते. दीड तासात पट्टा मोकळा झाला. उपटलेलं सगळं फाटकाजवळ रचलं, हात धुतले, चहा घेतला, आईची अंघोळ उरकली. साडेबाराच्या सुमाराला तो ढीग गोणीत भरायला म्हणून गेले, तर त्याच्यावर मधमाश्या होत्या.

एखाददुसरी नव्हे, पंधरा-वीस तरी. पानं उन्हानं मलूल पडलेली, मुळं वर, फुलं खाली, काही झुबके चिखलानं माखलेले. त्या आडव्यातिडव्या पसाऱ्यावर या बारक्या माश्या चालत होत्या, वाकत होत्या, उलट्या लटकून अजून उघडी असलेली पांढरी फुलं शोधत होत्या. तुंब्याचं फूल नखाएवढं. खालची पाकळी जिभेसारखी बाहेर लोंबते, वर लोकरीच्या टोपडीसारखा केसाळ पांढरा कोश. माशी जिभेवर बसून डोकं आत खुपसते तेव्हा टोपडी वर उचलली जाते आणि आतले पुंकेसर तिच्या डोक्यावर टेकतात. माशी बाहेर आली की टोपडी पुन्हा खाली. उभ्या झाडावर हे मी कितीदा बघितलं असेल. इथं झाड मेलेलं होतं, तरी टोपड्या तशाच वर-खाली होत होत्या.

पट्टा मी मोकळा केला होता तो मधमाश्यांसाठी फुलझाड लावायचं म्हणून.

गोणी शेवटी मी दिवस मावळल्यावर भरली.

आमच्याकडं याला कुणी तुंबा म्हणतं, कुणी कुंभा. पावसाळ्यात कुठंही उगवतं, आश्विनात भरात येतं, आणि श्रावणापासूनच बायका शंकराला वाहायला त्याची फुलं ओच्यात घेऊन जाताना दिसतात. लहानपणी आम्ही शाळेतून येताना ती फुलं उपसून त्यांचं बूड चोखत असू. गोड म्हणावं इतकं गोड नसतं ते, पण असतं. कुणाला विंचू चावला की मोठी माणसं हाच पाला चोळायची. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. परागीभवनाच्या तासाला फळ्यावर फूल काढते, माशी काढते, बाण काढते. असं असूनही त्या रविवारी माझ्या डोक्यात तुंबा म्हणजे तण, आणि तण म्हणजे उपटायचं, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तेव्हा त्या मोकळ्या मातीवर दोन-तीन माश्या घिरट्या घालत होत्या. खाली बसत नव्हत्या. थोडं खाली यायचं, थांबायचं, पुन्हा वर. हेही मी शिकवते. कार्ल फॉन फ्रिश यांनी माश्यांचा नाच उलगडला, १९७३ चं नोबेल त्यांना मिळालं, मुलांनी एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करावं असं ते नाव. फुलोरी माशी, म्हणजे ही जी सगळ्यात बारकी, पोटाला तांबूस पट्टा असलेली, तिचं पोळं उघड्यावर एखाद्या बारीक फांदीला धरून असतं. त्या पोळ्याच्या वरच्या सपाट अंगावर ती नाचते, आणि नाचताना फुलं ज्या बाजूला असतील थेट तिकडं तोंड करते, आपण बोट दाखवून पत्ता सांगावा तसं. म्हणजे रविवारी सकाळी गल्लीतल्या कुठल्यातरी डाळिंबाच्या नाहीतर मेंदीच्या झाडात माझ्या घराकडं तोंड करून कुणीतरी नाचलं असणार. पत्ता बरोबर होता. घर पाडलेलं होतं.

आता ते फुलझाड. माझी भाची अमेरिकेत, ओहायोत असते. जुलैतल्या एका व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ती मागच्या अंगणात गेली आणि फोन फिरवून म्हणाली, ‘मावशी, हे बघ.’ कंबरेएवढ्या झाडांचा ताटवा, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला लालभडक गोंडा. झेंडूसारखा गच्च नाही, शेवंतीसारखा विंचरलेला नाही. नुकत्याच उठलेल्या पोराच्या केसांसारखा. त्यावर एक केसाळ माशी बसली होती, एवढी जाडजूड की दांडा कलला होता. त्या झाडाचं नाव बी बाम. तिकडं मधमाश्या, फुलपाखरं आणि हमिंगबर्ड यांच्यासाठी म्हणून मुद्दाम बागा लावतात, एकदा लावली की वर्षानुवर्षं राहणारी बारमाही झाडं, त्यांतलं हे मानाचं. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, बर्फाखाली मुळं जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतात. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरायचा, मधला म्हातारा भाग टाकून द्यायचा, कडेचे ताजे फुटवे पुन्हा लावायचे आणि उरलेले शेजारणींना द्यायचे. वाण वाटल्यासारखं. मला त्या लाल रंगापेक्षाही हे वाटणं आवडलं असावं.

पलंगावर बसलेल्या आईनं अर्धंच ऐकलं होतं. ‘बाम? माशी चावल्यावर लावायचा का?’

आम्ही दोघी हसलो. मग रात्री मी वाचत बसले तर आईचंच खरं निघालं. माशीच्या डंखावर याचा पाला चुरडून लावायचे, त्यावरूनच ते नाव. झाड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. शास्त्रीय नाव मोनार्डा, ते निकोलस मोनार्देस या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश वैद्यावरून. हा गृहस्थ सेव्हिलमधे राहायचा. अमेरिकेहून येणारा माल तिथल्या बंदरात उतरायचा, आणि स्वतः अमेरिकेत एकदाही पाऊल न टाकता हा त्या मुळ्या, साली, बियांची चौकशी करून तिथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहायचा. मला हा माणूस एकदम घरचा वाटला. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात इंग्रजांच्या कराच्या रागानं चहाच्या पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या, आणि चहा सोडलेल्या घरांतून याच मोनार्डाच्या पानांचा चहा उकळू लागला, ओस्वेगो चहा. तिथल्या मूळच्या लोकांना तो त्याआधीपासून ठाऊक होता. एवढं वाचल्यावर झोप कशाची येते! बिया त्याच रात्री मागवल्या.

पाकिटावर तेच लाल फूल. आत मोहरीपेक्षा बारीक तपकिरी दाणे, शिंक आली असती तर गेले असते. मागच्या बाजूला लिहिलं होतं: भरपूर ऊन, ओलसर पण निचऱ्याची जमीन. या तिन्ही गोष्टी लातुरात एकाच वेळी मिळत असत्या तर आमच्याकडच्या निवडणुका दुसऱ्याच कशावर लढल्या गेल्या असत्या. तरी मी ट्रेमधे कोकोपीट भरलं, दाणे वरच्यावर टाकले, रोज सकाळी फवाऱ्यानं पाणी दिलं. बारा-तेरा दिवसांत हिरवी टाचणीची डोकी वर आली. दिवाळीनंतर चौदा रोपं त्या पट्ट्यात लावली, त्याच जागी.

रोप वीतभर झालं तेव्हा मी दांडा चिमटीत धरून फिरवून बघितला. फिरत नव्हता, बोटांना कोपरे लागत होते. चौकोनी. तुळशीचा दांडा असाच, पुदिन्याचा असाच, सब्जाचा असाच, आणि तुंब्याचाही असाच. एकाच कुळातली ही सगळी. फळ्यावर ‘लॅमिएसी’ लिहून त्याखाली ‘चौकोनी खोड’ लिहिताना माझ्या बोटांना ते कोपरे कधी लागले नव्हते. मी नेमकं काय केलं होतं ते इथं मला पहिल्यांदा दिसलं: एक भावंड उपटून त्याच खड्ड्यात दुसरं लावलं होतं, दुसरं परदेशातून आलं होतं आणि त्याचा फोटो सुंदर होता म्हणून. पान चुरडलं की आधी ओवा यायचा नाकात आणि मागून मोसंबीची साल. ओव्यातला तो झणका ज्या थायमॉलचा, तेच यातही असतं. आईच्या नाकाशी पान धरलं तर म्हणाली, ‘पोट दुखल्यावर दे मला हे.’

मार्गशीर्षात भुरी आली, पानांवरची पांढरी बुरशी. दिवसा कोरडं ऊन, रात्री गारठा, पहाटे दव. वाटाण्यावर, काकडीवर ती याच दिवसांत येते आणि मोनार्डाची तर ती जुनी वैरीण, त्यांच्या देशातसुद्धा. एका सकाळी पानांवर कुणीतरी पिठाची चाळणी झटकल्यासारखं दिसलं. बोटानं पुसलं की जायचं, दुसऱ्या दिवशी परत. मी आंबट ताक पाण्यात कालवून फवारलं, मग विरघळणारं गंधक आणून फवारलं. मुळाशी पाणी कमी आणि झाडं दाटीनं लावलेली असली की ही हमखास पसरते. मी दोन्ही केलं होतं. एवढ्याशा पट्ट्यात चौदा रोपं, हाव दुसरं काय. संक्रांतीपर्यंत पाच उरली. त्यांना तीन कुंड्यांत हलवलं.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट कळली आणि मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. लाल बी बामच्या फुलाची नळी लांब असते. हमिंगबर्डच्या चोचीला ती बरोबर बसते, आणि कॉलवर दिसली त्या केसाळ भंबल बीच्या लांब जिभेलाही. साध्या मधमाशीची जीभ तळापर्यंत पोचायला आखूड पडते. दुसऱ्या कुणी नळीला बुडाशी भोक पाडून ठेवलं असेल तर तिथून तिला मिळतं, उष्टं. भंबल बी थंड मुलखातली. आपल्या देशात बघायची तर हिमालयाकडं जावं लागतं. म्हणजे माझ्या पट्ट्यात चौदाच्या चौदा झाडं फुलली असती तरी त्या रविवारच्या ढिगावरची माशी या लाल फुलावर बसून, डोकं खुपसून, बहुतेक उपाशीच उठली असती. हे ज्यांचं काम आहे त्यांना माहीत असतं. मला फूल माहीत होतं.

गावाकडं, औशाच्या पुढं, आमच्या शेतात सूर्यफूल असायचं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं, आणि सगळ्यांची तोंडं एकीकडं, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेसारखी. सूर्यफुलाला माशी लागते. फूल मोठं, पण परागकण जड आणि चिकट, वाऱ्यावर नीट जात नाहीत; माशी फिरली नाही तर मधल्या बिया पोचट राहतात. माश्या कमी पडायला लागल्या तेव्हा कृषी खात्याच्या माणसांनी उपाय सांगितला: हाताला मऊ कापड गुंडाळा, सकाळी आठ ते अकराच्या मधे, एक दिवसाआड, एकेका फुलावरून हलकेच फिरवा. बाबांनी आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला. उजव्या हाताला गुंडाळला, दातानं गाठ मारली आणि ओळीत शिरले. मी मागं. सूर्यफुलाचं पान खरखरीत, गालाला घासलं की ओरखडा. हाताला डिंकासारखा चिकट वास. बाबा एका फुलावरून हात फिरवायचे, गोल, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. दहा वाजेपर्यंत लुगड्याचा पट्टा हळदीत बुडवल्यासारखा व्हायचा. बांधावर येऊन ते कापड सोडताना एकदा म्हणाले, ‘सरकारनं माशी केलं बघ आपल्याला.’ चिडून नाही. उलट जरा गमतीतच, आणि पिवळा हात माझ्या नाकाला पुसला.

ते कापड आई धुवायची नाही. दुसऱ्या खेपेला लागतं म्हणून खुंटीला टांगून ठेवायची. खुंटीखालच्या भिंतीवर एक पिवळसर डाग पडला होता, तो घर सोडेपर्यंत होता.

मग सोयाबीन आलं. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव निघाला की बाकीचे भाव त्याच्याकडं बघून निघतात, इतकं आलं. सोयाबीनचं फूल पानाआड, बारीक जांभळं, शोधावं लागतं. ते आतल्या आत स्वतःच फळतं. माशी आली तर आली, नाही तर अडत नाही. ज्याला माशीची गरज नाही असं पीक आलं आणि कुणाच्याच हाताला कापड उरलं नाही. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. माझी बी.एड.ची फी सोयाबीनच्या पट्टीतून भरली आहे.

फाल्गुनापासून मी पाच रोपांची काळजी जास्तच घ्यायला लागले. ‘बारमाही’ या शब्दानं माझी फसगत केली हे मला फार उशिरा उमगलं. भाचीकडं बारमाही म्हणजे बर्फातून मागं उरणारं. आमच्याकडं बर्फ नाही, असं मला वाटत होतं. पण आमचा बर्फ वैशाखात पडतो. आपली कळलावी बघा, सगळा उन्हाळा जमिनीखाली गप्प, कंद म्हणून पडून राहते आणि पहिल्या पावसाला नाक वर काढते. अडुळसा पानं गाळून कसातरी तग धरतो. कोरांटी काटे तेवढे शिल्लक ठेवते. ही झाडं झोपायचं कधी हे शिकलेली आहेत. बी बामलाही झोपता येतं, पण ते थंडीत. बेचाळीस अंशात ते डोळे टक्क उघडे ठेवून बसलं. मी त्याला शेडनेट केलं, कुंडीवर उसाचं पाचट पसरलं, दोन्ही वेळा पाणी घातलं, आणि पाणी घालताना दर वेळी मागं वळून बघितलं. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या गावानं बघितलंय, तिथं शोभेच्या झाडाला मग ओतताना माणूस मागं वळून बघतंच. भाजी धुतलेलं पाणी, आईच्या पायांवर घातलेलं पाणी, एसीच्या नळीखाली ठेवलेल्या बादलीतलं पाणी, सगळं तिकडं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचं रोप गेलं. सकाळी हिरवं होतं, संध्याकाळी पानं कुस्करली तर चहाच्या पुडीसारखी हातात आली. वास मात्र होता तसाच. त्याच पानांचा मी ओस्वेगो चहा केला एकदा. आईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ‘ह्याच्यासाठी त्यांनी चांगला चहा समुद्रात टाकला?’

फूल एकही आलं नाही. एकसुद्धा.

माश्या मात्र मेभर आल्या, कूलरवर. दुपारी तीनला कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर रांग लागलेली असायची. ओल्या काड्यांवर बसून पोट धडधडवत पाणी प्यायच्या. त्या पाणी पोळ्यात नेतात, पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. माझा कूलर आणि त्यांचा कूलर एकाच टाकीवर चालला होता. कुंडीतलं वाळकं बी बाम तिथून हाताच्या अंतरावर. मी आत खाटेवर पडून जाळीतून त्यांच्याकडं बघत असे. त्यातली एखादी ढिगावरची असेल का असं मनात यायचं; नसणार हे माहीत होतं, कामकरी माशी काही आठवडेच जगते. तरी यायचं.

या वर्षी मृगात बरा पाऊस झाला आणि पट्ट्यात तुंबा आला. मी पेरला नव्हता. उपटताना जो सांडला तो. या खेपेला मी तो राहू दिला. त्यात मोठेपणा काही नाही. जूनपासून गुडघा धरला होता, वाकता येत नव्हतं. शेजारचा प्लॉट मोकळा आहे, मालक पुण्याला असतात. तिथं दीपमाळ माजली. माणसाहून उंच, एकाच दांड्यावर एकावर एक काटेरी गोळे, आणि प्रत्येक गोळ्यातून केशरी फुलांच्या ज्वाळा बाहेर. देवळापुढची दीपमाळ बघितलेल्या माणसाला नाव विचारावं लागत नाही. पहाटे शिंजीर यायचे, गोळ्यावर उलटे लोंबकळून नळीत चोच घालायचे. दुपारी काळे भुंगे. मी भिंतीवरून हात घालून दांडा चिमटीत धरला होता. चौकोनीच.

‘देशी झाडं लावा’ असं आता सगळे सांगतात, आमच्या स्टाफरूममधेसुद्धा. मान्य आहे. पण दीपमाळ मूळची आफ्रिकेतली. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. बाबांनी लुगड्यानं पुसलेलं सूर्यफूल अमेरिकेतलं, बी बामच्याच मुलखातलं. त्यामुळं परक्या झाडाला मी दोष कसा देऊ? दोष असेल तर तो त्या दीड तासात आहे, आणि ते लाल फूल मला अजून हवं आहे. फ्रिजच्या दारात पाकीट आहे, त्यात थोडे दाणे आहेत. आई लोणच्याची बरणी काढताना ते दर वेळी बाजूला सरकवते, फेकत नाही.

परवा, शनिवारी दुपारी, शेजारच्या प्लॉटवर एक माणूस पाठीवर पंप अडकवून आला. मालकांनी पाठवला होता. तक्रारी आल्या होत्या, साप निघतात म्हणून, ते खोटंही नव्हतं. दुपारचे दोन वाजलेले, दीपमाळेवर भुंग्यांचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत येत होता. मी भिंतीपाशी गेले.

‘दादा, तणनाशक मारायलाव का?’

‘व्हय.’

‘संध्याकाळी मारता का? माश्या गेल्यावर?’

त्यानं आधी दीपमाळेकडं बघितलं, मग माझ्याकडं. पंपाचा दांडा खाली केला. ‘मॅडम, माश्या तुमच्या हायत का?’

उर्मटपणा अजिबात नव्हता त्यात. पाळलेल्या असतील, कुठं पेट्या ठेवलेल्या असतील, तर नुकसान नको म्हणून विचारलं होतं त्यानं. मला हो म्हणता आलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्यानं लगेच पंप मारला असता. मी म्हटलं, ‘चहा टाकते, बसा.’ तो बसला. आईनं त्याचं गाव विचारलं, गावातलं कोण कुणाचं ते काढलं, आणि त्यात पाच वाजले. सव्वापाचला, ऊन कलल्यावर, भुंगे कमी झाल्यावर, त्यानं प्लॉट मारला. काम चांगलं करणारा माणूस होता. एकही दांडा सोडला नाही. जाताना म्हणाला, ‘आठ दिवसांत साफ हुईल बगा.’

आठ दिवसांत. तणनाशक मारलेलं झाड लगेच मरत नाही. रविवारी सकाळी मी मागच्या दारी गेले तर दीपमाळ होती तशी उभी, हिरवीगार, पानांवर औषधाचे वाळलेले पांढुरके ठिपके. सात वाजता शिंजीर आला. साडेआठला माश्या. एक भुंगा तिसऱ्या गोळ्यावर, त्याच्या वजनानं फुलं एकेक करून वाकत होती.

नळ येऊन सहा दिवस झाले होते. ड्रममधे अर्ध्याला पाणी होतं. फवारल्यावर काही तासांत औषध पानात उतरतं, नंतर धुवून उपयोग नसतो. शेतकऱ्याची पोर आहे मी, मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बादली भरली, प्लॅस्टिकचा स्टूल भिंतीला लावला, जो गुडघा चढतो तो आधी टाकला, आणि जवळची दोन झाडं हाताला येत होती त्यांच्यावर मगानं पाणी घालायला लागले. माश्या उडाल्या, पुन्हा बसल्या. ओट्यावरून आईनं विचारलं, ‘काय करायलीस गं?’

‘काही नाही. धुवायलेय.’

आई उठली. काठी टेकत आत गेली आणि दुसरा मग घेऊन आली.